इसाराचे सौदे आणि आमचीं मुलें

अलीकडे काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर इकडील कास्तकारांच्या ओट्यावर कापूस-संत्र्याच्या भावाबरोबर 'निफ्टी'चाही भाव ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा शिकलेला, हातांत मोबाईल, खातें घरबसल्या उघडतें. मग पिकाची वाट वर्षभर कोण पाहणार? ज्या वाटेनें घरांतला पैसा घराबाहेर जातो ती वाट शेतकीच्या मासिकाच्या कक्षेबाहेरची नव्हे, असें आमचें मत असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहीत आहों. चांगल्या कंपनीचे शेअर घेऊन वर्षानुवर्षें बाळगणाऱ्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमचा रोख 'ऑप्शन' नांवाच्या सौद्यावर आहे.

हा सौदा आमच्या वाचकांस वस्तुतः नवा नाहीं. नांव मात्र नवें आहे. अंबिया बहाराचीं फळें धरलीं कीं व्यापारी बगीच्यांत येतो, झाडें पाहतो, किंमत ठरवितो आणि इसार, कोणी बयाणा म्हणतात तो, देऊन जातो. पुढें भाव चढला तर ठरल्या किमतीस माल तोडून नेतो. भाव पडला तर पुष्कळदां इसारावर पाणी सोडून पुन्हा तोंड दाखवीत नाहीं. 'कॉल' ऑप्शन म्हणजे हेंच. ठरल्या भावानें घेण्याचा हक्क, आणि त्याबद्दल दिलेला इसार. ठरल्या भावानें विकण्याच्या हक्कास 'पुट' म्हणतात. फरक इतकाच कीं, बगीच्याच्या इसारामागें झाडावर खरीं फळें असतात व मुदत कित्येक महिन्यांची असते. येथें बाजाराचा निर्देशांक हाच बगीचा, फळ कोणासच दिसत नाहीं, आणि मुदत पुष्कळ सौद्यांत अवघ्या आठवड्याची. त्या दिवशीं भाव आपल्या बाजूस नसला तर सगळा इसार बुडतो. इसार थोडा, म्हणून लहान माणसास तो परवडतो असें वाटतें. पण तोच दर आठवड्यास देत गेलें तर वर्षाअखेर काय उरतें, हें पाहण्यास पाटी-पेन्सिल पुरे आहे.

तें गणित 'सेबी' या सरकारी नियामक संस्थेनें करून ठेविलें आहे. सप्टेंबर 2024 मध्यें तिनें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या सुमारें 1 कोटि 13 लाख व्यक्तींपैकीं शेंकडा 93 जणांस तोटा आला, आणि सर्वांचा मिळून निव्वळ तोटा 1 लाख 80 हजार कोटि रुपयांच्या वर गेला. दलाली व इतर खर्च वजा जातां लाखाहून अधिक मिळविणारा शेंकडा एकच निघाला. एकट्या 2023-24 सालीं खर्च धरण्यापूर्वींच या व्यक्तींचे सुमारें 61 हजार कोटि गेले. त्याच सालीं स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनीं 33 हजार कोटि आणि परदेशी संस्थांनीं 28 हजार कोटि मिळविले. वाचकांनीं या दोन रकमांची बेरीज करून पाहावी. बड्यांच्या या नफ्यापैकीं जवळजवळ सर्व नफा माणसानें नव्हे, तर संगणकानें आपोआप केलेल्या सौद्यांतला होता. त्या वर्षीं व्यवहार करणाऱ्यांत शेंकडा 43 जण तिशीच्या आंतले होते. पुढच्या वर्षीं, म्हणजे 2024-25 सालीं, निव्वळ तोटा 1 लाख 5 हजार कोटींवर पोहोंचला. इतकें प्रसिद्ध होऊनही!

बडें भांडवल जिंकतें तें केवळ हुशारीनें असें मानूं नये. 3 जुलै 2025 रोजीं सेबीनें जेन स्ट्रीट या अमेरिकन पेढीविरुद्ध अंतरिम हुकूम काढून 4,843 कोटि रुपये अडकविले. त्यांत 17 जानेवारी 2024 या एका दिवसाची हकीकत आहे. हुकुमांतील आरोप असा कीं, पेढीनें सकाळीं बँकांचे शेअर व वायदे मिळून सुमारें 4,370 कोटींची खरेदी करून निर्देशांक सांवरला. त्याच वेळीं तो पडण्यावर लाभ देणारे ऑप्शनचे सौदे त्याच्या सातपटीहून मोठ्या प्रमाणावर केले. आणि दुपारीं तेच शेअर बाजारांत ओतले. शेअरांत सुमारें 61 कोटि गेले, ऑप्शनांत सुमारें 735 कोटि आले. पेढीनें हे आरोप नाकारून अपीलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली.

कळमन्याच्या यार्डाची कल्पना करावी. सकाळच्या लिलावांत एक शेठ कांहीं गाड्या चढ्या बोलीनें घेतो. लोक म्हणतात, तेजी आली. त्या भरांत जो तो चढत्या भावाचे इसार देतो, आणि ते इसार गोळा करणारा मुनीम त्याच शेठचा. दुपारीं शेठ त्याच गाड्या मिळेल त्या भावास सोडतो. गाड्यांत हजारांचा तोटा, इसारांत लाखांचा नफा. आपल्या मुलानें सकाळचा आलेख पाहून सौदा केला, त्यांत त्याची अक्कल कमी पडली असें नाहीं. त्याला समोरचा मुनीम दिसणेंच शक्य नव्हतें.

ही भांडवलाची लाट आपल्या प्रांतानें पूर्वींही पाहिली आहे. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी जुंपली, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईंत बँका व बॅक बे भरणीच्या शेअरांत शिरला. शेअर मूळ भरणीच्या कित्येक पट झाले. एप्रिल 1865 मध्यें जनरल ली शरण गेला आणि कापूस कोसळला. 1 जुलैस वायद्यांची मुदत भरतांच पेढ्या धडाधड बसल्या. खुद्द प्रेमचंद रायचंदही त्यांत बुडाले. आगगाडी नागपुरास आली ती 1867 सालीं, म्हणजे तेजी ओसरल्यावर. त्या वेळीं लहानांबरोबर मोठेही बुडाले, एवढाच कायतो तेव्हांच्या व आतांच्या बाजारांत फरक.

क्रिप्टोविषयीं विस्तार करीत नाहीं. बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्यें 68 हजार डॉलरांच्या वर होतें व वर्षभरांत 16 हजारांच्या आसपास आलें. 2022 पासून त्याच्या नफ्यावर शेंकडा 30 कर बसला, पण एकांतला तोटा दुसऱ्यांतून वजा मिळत नाहीं.

कोणी म्हणतील, मुलांस कळत नाहीं, तर जाणत्या मंडळींच्या हातीं पैसा द्यावा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची गोष्ट जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाहीं? कास्तकारांच्या ठेवींतून सरकारी रोखे घेण्यासाठीं खासगी दलालांच्या पेढ्यांस कोट्यवधि रुपये दिले गेले. रोखे आले नाहींत, रुपयेही आले नाहींत. 2002 सालीं प्रकरण उघड झालें, आणि तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांस शिक्षा झाली ती 22 डिसेंबर 2023 रोजीं. त्यावर पुढें अपील झालें.

आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत जन्म घालविला. सातबाऱ्यावर बोजा चढतो, तेव्हां तो बियाण्यासाठीं घेतला कीं इसारासाठीं, हें त्या रकान्यांत लिहिलेलें नसतें. पीककर्जाचा किंवा भूसंपादनाच्या मोबदल्याचा पैसा घरांत आला कीं बापानें मुलापाशीं बसून त्याच्या खात्याचा वर्षाचा उतारा मागावा. ब्रोकराच्या ॲपमध्यें तो निघतो, व त्यांत खर्चासह नफातोटा असतो. रागावूं नये, उतारा वाचावा.

यांत सरकारचें एक धोरण आम्हांस समजलें नाहीं. 20 डिसेंबर 2021 रोजीं सोयाबीन, हरभरा, गहूं यांसह सात जिनसांचे वायदे सेबीनें थांबविले व ती मुदत पुढें वारंवार वाढविली. 2024-25 सालीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 4,892 रुपये असतां पुष्कळ बाजारांत माल त्याखालीं गेला. आपल्याच शेतांतल्या पिकाचा भाव पेरणीच्या वेळीं बांधून ठेवण्याची सोय कास्तकारापासून काढून घेतली, आणि बँकांच्या निर्देशांकावर पैज लावण्याची सोय त्याच्या मुलाच्या खिशांत राहूं दिली. उत्पादक कंपन्यांनीं व सहकारी संघांनीं या प्रश्नावर सेबीकडे लेखी म्हणणें पाठवावें, अशी आमची सूचना आहे.