बदललेला चाप

चाप ओढल्यावांचून बार उडावयाचा नाहीं, ह्या एका विश्वासावर पिस्तूल कमरेस बांधतां येतें. २०१७ च्या ऑगस्टांत अमेरिकेंत ह्या विश्वासास तडा गेला. सिग सावर कंपनीचें पी-३२० हें पिस्तूल विशिष्ट कोनांत पाठीवर आपटल्यास आपोआप उडूं शकतें, असें चाचण्यांत दिसून आलें. कारण साधें होतें. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबे. परंतु जड चाप स्वतःच्या वेगानेंच मागें सरके, जणूं अदृश्य बोटानें तो ओढावा! कंपनीनें 'ऐच्छिक सुधारणा' म्हणून पिस्तुलें विनामूल्य दुरुस्त करून दिलीं. चाप व आंतील भाग हलके केले, एक जादा खटका बसविला. आपटून बार उडण्याचा धोका त्यानें कमी झाला. मात्र बोटाखालीं चाप निराळा लागूं लागला व जुन्या चापावर बसलेला हात पुन्हां बसवावा लागला.

पेण-रोह्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ज्या घरीं असेल, त्या घरानेंही यांतून बोध घ्यावा. दुरुस्त होऊन आलेलें शस्त्र नवेंच समजावें, तें रिकामें असल्याची खात्री करून चाप पारखावा आणि काडतुसें निराळ्या कुलपांत ठेवावीं. कारखान्याची चूक झाली तरी घरांत अपघात टळावा, एवढी तजवीज आपल्या हातीं आहे.