गाडी तीच, ओझं दुप्पट

सेकंडहँड होंडा सीआर-व्ही घ्यायची आहे आणि मागे छोटी बोट किंवा कॅरॅव्हॅन जोडायचा विचार आहे? मग दोन देशांतली माहितीपुस्तकं शेजारी ठेवून बघा. 2012च्या सुमारास आलेल्या पिढीतली अमेरिकी सीआर-व्ही 680 किलो ओढू शकते, असं कंपनी सांगते. ब्रिटनमध्ये त्याच पिढीतल्या पेट्रोल गाडीला 1500 किलोपर्यंत मुभा. शिवाय ब्रिटनमधलं इंजिन लहान, 2 लिटरचं, अमेरिकेतलं 2.4 लिटरचं. अटलांटिक ओलांडताना निम्मं बळ जातं कुठे?

कुठेच जात नाही. हा आकडा इंजिनाच्या ताकदीपेक्षा हेलकाव्यांशी जास्त निगडित आहे. ट्रेलरला वाऱ्याचा धक्का बसला की तो डावी-उजवीकडे डुलू लागतो. एका ठरावीक वेगाच्या आत हे डुलणं आपोआप विरतं. तो वेग ओलांडला की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो आणि शेवटी ट्रेलरच गाडीला फरफटवतो. ट्रेलरमधलं सामान पुढच्या बाजूला ठेवलं, म्हणजे जोडाच्या गोळ्यावर भार वाढवला, की ही धोक्याची रेषा वर सरकते. म्हणून अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार जोडावर असावा असं सांगतात. 680 किलोच्या ट्रेलरचा म्हणजे 70 ते 100 किलो. बहुतेक लहान एसयूव्हींच्या पाठीला याहून जास्त झेपत नाही.

युरोपने वेगळी वाट धरली: वेगच कमी ठेवा. ब्रिटनच्या मोटरवेवर ट्रेलरसह ताशी 60 मैल, जर्मनीत एरवी ताशी 80 किलोमीटर. हळू जायचं तर जोडावर 5 ते 7 टक्के भार पुरतो. आता हिशेब करा: तेच 100 किलो, पण मागे 1500 किलोचा ट्रेलर! शिवाय तिथे 750 किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात आणि त्यांची युक्ती तर भन्नाट आहे. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिला ढकलतो आणि तो धक्काच ट्रेलरचे ब्रेक दाबतो. ना वायर, ना पंप.

आता गिअरबॉक्सकडे या. जुन्या गाडीत खरी जोखीम तिथेच असते. 2015पासून अमेरिकी सीआर-व्हीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, आली. तिच्यात दोन पुली आणि एक पोलादी पट्टा. हा पट्टा ओढत नाही, ढकलतो! शेकडो पातळ पोलादी चकत्या लवचीक कड्यांवर ओवलेल्या असतात आणि मागून इंजिनाने डबे रेटावेत तशी एक चकती पुढचीला रेटते. ही करामत डच उद्योजक हुब व्हान डोर्न यांची. 1958च्या डाफ गाडीत त्यांनी रबरी पट्टा वापरला होता. पोलादी पट्टा 1987मध्ये सुबारू जस्टीतून रस्त्यावर उतरला. पट्टा आणि पुली यांची पकड मात्र तेलाच्या अतिपातळ थरावर अवलंबून. ट्रेलर ओढत लांब घाट चढला की ते तेल तापतं, लवकर म्हातारं होतं. पट्टा घसरला, तर पुलीवर ओरखडे पडतात आणि ते भरून निघत नाहीत.

आरामाबद्दल थोडक्यात: मऊ स्प्रिंग सुखाची, पण ओझ्याखाली बसते, नाक वर होतं, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. युरोप-ऑस्ट्रेलियातल्या काही जुन्या सुबारू फॉरेस्टरमध्ये यावर सुंदर उपाय होता. रस्त्यावरच्या धक्क्यांचीच ऊर्जा वापरून मागचे शॉकॲब्सॉर्बर आतलं तेल पंप करतात आणि थोडं अंतर कापलं की गाडी पुन्हा समतल होते. खड्ड्यांचा एवढा सदुपयोग आमच्याकडे कुणी केलेला ऐकिवात नाही. हे शॉकॲब्सॉर्बर गळू लागले तर बदलायला महाग, हेही खरं.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी मागच्या बंपरखाली वाका. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, असेल, किंवा काढल्याच्या बोल्टच्या खुणा असतील, तर काय ओढलं हे विचारा आणि गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची पावती मागा. गाडी पूर्ण तापल्यावर चढावर चालवा. इंजिनाचे फेरे वाढताहेत पण वेग वाढत नाही, किंवा थरथर जाणवते, असं झालं तर व्यवहार सोडा. जोडावरचा भार माणसं आणि सामान यांच्या वजनातच मोजायचा, हेही विसरू नका; दाराजवळच्या पट्टीवर ती मर्यादा छापलेली असते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना माझा कौल: 900 किलोपर्यंत ओढायचं तर साध्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची माझदा सीएक्स-5. 1500 किलोच्या आसपास जायचं तर 2006 ते 2012मधली व्ही-6 टोयोटा राव्ह-4, तीही कारखान्यातून टोइंगची तयारी करून आलेलीच. त्याहून जड ट्रेलर असेल तर कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा नाद सोडा, मोठी गाडी बघा.