लेखकाचें घड्याळ

लेखनाची हौस असलेल्या सुशिक्षित गृहस्थाची तक्रार बहुधा एकच असते. कचेरी, मुलेंबाळें आणि पाहुणेरावळे यांतून सवड मिळत नाहीं. आणि क्वचित् मिळालीच, तर नेमकी त्या वेळीं स्फूर्ति येत नाहीं. पहिला दोष संसाराचा, दुसरा सरस्वतीचा; लिहिणारा मात्र दोहोंतून निर्दोष सुटतो! इकडे दोन प्रकरणांवर थांबलेली कादंबरी टेबलाच्या खणांत पिवळी पडत जाते. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा एखादा खण असेल, त्यांनीं जाणून घ्यावी अशी दिनचर्या अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराची आहे. त्यानें सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतील पुष्कळ पोस्टखात्याची नोकरी सांभाळून लिहिल्या.

हा मनुष्य जात्याच शिस्तीचा असावा असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. १८१५ सालीं जन्मलेला ट्रॉलप १८३४ मध्यें लंडनच्या पोस्टकचेरींत कारकून म्हणून लागला, तेव्हां त्याची ख्याति होती ती उशिरां येण्याबद्दल. जोडीला कर्जही होतेंच. १८४१ मध्यें तो आयर्लंडांत गेला आणि तेथें सुधारला. पहिली कादंबरी १८४७ त निघाली, पण खपली नाहीं. नांव होण्यास १८५५ साल उजाडावें लागलें.

सवयीचा धडा मात्र त्याच्या घरींच होता. त्याची आई फ्रान्सेस ट्रॉलप हिनें पन्नाशी उलटल्यावर पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें नवरा कर्जबाजारी झाला, कुटुंबाला देश सोडून बेल्जममधील ब्रूज या गांवीं जावें लागलें, आणि तेथें एक मुलगा व नवरा दोघेही अंथरुणाला खिळले. त्यांची शुश्रूषा तिनें केली, आणि घर चालविण्यासाठीं त्याच घरांत बसून कादंबऱ्याही लिहिल्या. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत शेजारीं शेजारीं असत. मुलगा १८३४ च्या अखेरीस गेला, नवरा १८३५ त. पहाटे चारला उठून, घर जागें होण्यापूर्वीं दिवसाचें लेखन उरकावें, हा तिचा परिपाठ. स्फूर्तीची वाट पाहण्याची चैन त्या माउलीस परवडण्यासारखी नव्हती.

मुलानें हाच परिपाठ उचलला आणि त्याला हिशेबाची जोड दिली. १८५९ नंतर तो लंडनजवळ वॉल्थम क्रॉस येथें राहूं लागला. तेथें पहाटे साडेपांचला तो टेबलाशीं बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशींचा मजकूर वाचण्यांत जाई. वरवर पाहतां हा वेळ वायां गेला असें वाटतें. परंतु खरी युक्ति येथेंच आहे. कोऱ्या कागदाची धास्ती सर्वांनाच असते. कालचें वाक्य कानांत घुमत असलें म्हणजे आजचें वाक्य त्याच्या मागून येतें. नंतर घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशें शब्द या वेगानें तो लिही, आणि न्याहारीच्या आंत दिवसाचें लेखन संपवी. पुढचा दिवस पोस्टाचा. कामानिमित्त आगगाडीचा प्रवास फार घडे, तेव्हां डब्यांत बसून पेन्सिलीनें लिही आणि पत्नी मागाहून त्याची शाईनें नक्कल करी.

प्रत्येक पुस्तकासाठीं तो एक वही घाली. तींत आठवडे आंखलेले असत व रोज किती पानें झालीं तो आंकडा मांडलेला असे. पानाचे शब्द अडीचशें, तेही मोजलेले. आठवड्याला सरासरी चाळीस पानें होत. एक दिवस बुडाला तर आठवड्याच्या आंत तो भरून निघूं शके, पण रिकामा आठवडा वहींत उघडा दिसे. निश्चयाचें पाठबळ असें वहीवर सोंपविलें म्हणजे मनावरचा भार पुष्कळ हलका होतो.

ट्रॉलप १८८२ मध्यें वारला आणि पुढील वर्षीं त्याचें आत्मचरित्र निघालें. हा सारा हिशेब त्यांत त्यानें उघडपणें सांगितला होता. वाङ्मय म्हणजे काय चांभारकाम आहे, असें वाटून पुष्कळ रसिक नाराज झाले आणि त्याची कीर्ति बराच काळ उतरली. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. त्याच्या सर्वच कादंबऱ्या सारख्या उतरल्या नाहींत. परंतु ‘बार्चेस्टर टॉवर्स’ हीही शिस्तीचीच कृति, आणि तिचा बराच भाग आगगाडींत लिहिलेला. शिवाय घड्याळ मोजी तें केवळ उतरवून काढण्याचें काम. मनांत गोष्टी रचण्याचा छंद त्याला बाळपणापासूनचा, आणि पात्रांचा सहवास टेबलावरून उठल्यावरही सुटत नसे. टीकाकारांनीं घड्याळ पाहिलें, हें पाहिलें नाहीं.

मराठींत हरि नारायण आपटे यांच्याकडून असेंच काम नियतकालिकानें करवून घेतलें. १८९० मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि सत्तावीस वर्षें चालविलें. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यांतच प्रकरणाप्रकरणानें आल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असला म्हणजे लेखकास आळस करतां येत नाहीं. त्याची किंमतही द्यावी लागते. त्यांच्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

ज्याच्याजवळ साप्ताहिक नाहीं, त्यानें दुसऱ्या एखाद्या माणसास बांधून घ्यावें. ट्रॉलपनें एका म्हाताऱ्या नोकरास वर्षाला पांच पौंड जादा देऊन पहाटे कॉफी आणून उठविण्याचें काम सांगितलें होतें. नोकर एकदांही चुकला नाहीं, आणि आपल्या यशाचें श्रेय इतर कोणाहीपेक्षां त्याला अधिक द्यावें लागेल, अशा अर्थाची कबुली धन्यानें आत्मचरित्रांत दिली आहे. त्या म्हाताऱ्याला कोण उठवीत असे, हा प्रश्न मात्र वाचकाच्या मनांत तसाच राहतो.