वाहनातील बिनतारी संच मुका होतो तेव्हा

दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या मोठ्या भागात विजेबरोबर दूरध्वनी व मोबाइल सेवाही विस्कळीत झाल्या. अशा प्रसंगी पोलीस, अग्निशमन दल आदींच्या वाहनांवरील बिनतारी संचांचे मोल ध्यानात येते. मोबाइलला जवळचा मनोरा चालू असावा लागतो. बिनतारी संच वाहनाच्या बॅटरीवर चालतो, आणि थेट संभाषणाच्या चॅनेलवर दोन जवळची वाहने कोणत्याही मध्यस्थ केंद्राविना एकमेकांशी बोलू शकतात.

हाच संच आयत्या वेळी मुका झाला तर मदतपथकाची वाट चुकते, निरोप अडकतो. मात्र दोष पुष्कळदा संचाच्या पेटीत नसून पेटीबाहेर असतो. पेटी बंदिस्त असते. तिला जोडलेल्या तारा, सांधे आणि एरियल यांना धक्के, धूळ व पाणी सोसावे लागते. म्हणून तपासणी बाहेरून आत आणि सोप्याकडून अवघडाकडे करावी.

प्रथम आवाजाची कळ, निवडलेले चॅनेल आणि खरखर दाबणारी स्क्वेल्चची कळ पाहावी. स्क्वेल्च फार वाढवलेला असल्यास क्षीण संदेश ऐकूच येत नाहीत. वाहन कोठे उभे आहे हेही पाहावे. या संचांच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या एखाद्या घळीत संपर्क तुटणे हा संचाचा दोष नव्हे. वाहन थोडे उंचावर नेताच तो पुन्हा जुळू शकतो.

संचाचा दिवाच लागत नसेल, तर फ्यूज, बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर आणि वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची तार तपासावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज घालावा. तोही जळाला, तर कोठेतरी तारा एकमेकींना भिडल्या आहेत असे समजावे. जाड तार बसवून वेळ मारून नेणे म्हणजे वाहनाला आग लागण्यास निमंत्रण होय. जीपमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची, तर अवजड ट्रक व बसमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते. एका वाहनाचा संच दुसऱ्यात बसवताना याचा विसर पडू नये.

कधी संदेश नीट ऐकू येतो, पण बोलण्याची कळ दाबताच दिवा मंद होतो वा संच बंद पडतो. ऐकताना संचाला थोडाच विद्युतप्रवाह लागतो. २५ वॉट शक्तीने संदेश पाठवताना तो पाच-सहा अँपिअर किंवा त्याहून अधिक लागतो. सैल सांध्यातून थोडा प्रवाह निभावतो, मोठा निभावत नाही. कळ दाबल्यावर संचाजवळचे व्होल्टेज एकदम घसरले, तर दोष बॅटरीत किंवा सांध्यात शोधावा.

वीजपुरवठा ठीक असूनही टप्पा घटला असेल, तर एरियल पाहावे. १५० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी दोन मीटर असते. म्हणून वाहनावरील साधे एरियल तिच्या चतुर्थांशाचे, सुमारे ५० सेंटिमीटरचे असते आणि टपाचा पत्रा त्यास साहाय्यभूत होतो. एरियलच्या बुडाशी गंज चढला किंवा केबलमध्ये पाणी शिरले, तर संदेशाची शक्ती वाटेतच वाया जाते. एरियल काढलेले असताना बोलण्याची कळ कदापि दाबू नये. परत फिरलेल्या शक्तीने संचाचा प्रक्षेपक भाग जळण्याचा संभव असतो.

माइकची गुंडाळीदार दोरी वारंवार ताणली जाऊन आतून तुटते. त्याहून घातक म्हणजे अडकलेली कळ. तिच्यामुळे एक वाहन अखंड प्रक्षेपण करीत राहते आणि त्या चॅनेलवरील इतरांचेही संभाषण रोखले जाते. त्याच प्रकारच्या चालू संचाचा माइक जोडून पाहिल्यास दोषाचा निर्णय लवकर होतो. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे दोष कोणत्या भागात होता ते कळते.

एवढे करूनही संच बोलेना, तर पेटी उघडू नये. ते काम तंत्रज्ञाचे. त्याच्यासाठी नोंदवहीत तारीख, ठिकाण, इंजिन चालू होते की बंद, ऐकू येत होते की नाही, हे लिहून ठेवावे. "संच बिघडला" एवढ्या शेऱ्याने त्याला काहीच उमगत नाही.

कामावर निघताना नियंत्रण कक्षाशी एक चाचणी-संभाषण करण्यास मिनिटभरही लागत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीत नावा, दोर व औषधे यांची विचारपूस होते. "वाहनांवरील संच बोलतात काय?" हा प्रश्नही पंचायत सदस्यांनी तेथे आवर्जून विचारावा.