ठासणीची गोष्ट (९) : आधी दारू, मग कानस

रामशेज किल्ल्याच्या लाकडी तोफांची गोष्ट आज येणार होती. ती आता पुढच्या रविवारी. सिन्नरहून आलेल्या एका पत्राने वाट अडवली आहे. पत्रलेखकांचा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे नाताळ उलटला की हरणांसाठी चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम सुरू होतो. भाच्याचा शेजारी त्याआधी महिनाभर नुसत्या कागदावर बार काढत बसतो. ‘एवढी दारू कागदावर कशाला नासायची? माशी एकदा नीट करून घेतली की झालं!’ असं पत्रात आहे. (माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा.)

नाही ना होत! काडतुसात दारू कारखान्यातूनच मोजून येते. ठासणीत, म्हणजे नळीच्या तोंडाकडून भरायच्या अशा बंदुकीत, ती दर बाराला आपण ओततो. माप बदललं की गोळीचा वेग बदलतो, नळीची थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे लागते. म्हणून या बंदुकीला कुठलं माप मानवतं, ते आधी शोधायचं.

अर्ध्या इंची नळीची गोल गोळी साधारण १७७ ग्रेनची. जुना तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे शिशाची तोळाभर गोळीच म्हणा. दारू तिच्या एक तृतीयांश वजनापासून, म्हणजे साठेक ग्रेनपासून सुरू करायची आणि पाचपाच ग्रेननी चढत जायचं. तेही बंदूक घडवणाऱ्याने घातलेल्या मर्यादेच्या आतच. बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून, २५ यार्डांवर, दर मापाला तीन बार. भोकं कागदाच्या मध्यावर पडली का, हे अजिबात बघायचं नाही. ती एकमेकांच्या किती जवळ पडली, एवढंच बघायचं. मग गोळीभोवतीची चिंधी जाड-पातळ करून पुन्हा तेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सगळं मुसळ केरात.

शिवाय काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त वजनाचं कीट होतं आणि त्यातलं काही नळीत चिकटून राहतं. नाशिकच्या एप्रिलात त्याची खरपुडी धरेल, कोकणच्या दमट हवेत चिखल होईल. दोन बारांमध्ये ओलसर चिंधी फिरवली नाही, तर तिसरी गोळी पहिलीची सोबत सोडणारच.

लांज्याच्या माझ्या मामांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणी होती. (१९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीला ही खास जागा आहे.) मामांना ग्रेन ठाऊक नव्हते, बांबूचं एक नळकांडं, तेच माप. ठासायच्या गजावर मात्र दोन खुणा कोरलेल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, दुसरी भरल्या बाराची. दुसरी खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी दारूवर बसलेली नाही, आणि मधल्या पोकळीने नळी फुगते, फुटतेसुद्धा.

मापाबरोबर बदलणारा गोळीचा वेग मोजायची युक्ती काढली ती बेंजामिन रॉबिन्सने. लंबकाला लाकडी फळी लावून तिच्यात गोळी मारायची आणि लंबक किती झुलला ते पाहायचं. त्याचं पुस्तक १७४२ चं. हवा गोळीला केवढी अडवते, हे त्यातून कळलं आणि भलेभले चकित झाले. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. त्याच्यावर एक रविवार मी राखून ठेवला आहे.

आता माशी. पुढची माशी घासून बुटकी केली की गोळी वर चढते. किती घासायची? मागच्या खाचेपासून माशी ३० इंचांवर, कागद ५० यार्डांवर म्हणजे १८०० इंचांवर आणि गोळी तीन इंच खाली लागते, असं धरा. तीन गुणिले तीस भागिले अठराशे, म्हणजे इंचाचा विसावा भाग, सव्वा मिलिमीटर. त्यातलंही आधी निम्मंच घासायचं, कारण कानशीने गेलेलं पितळ परत येत नाही. माप ठरण्याआधीच कानस मारली आणि पुढे दारू बदलली, की माशीच नवी बसवा. शेजाऱ्याचा महिना जातो तो यात.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. येवल्याकडच्या ममदापूरचे काळवीट दुर्बिणीतूनच बघायचे. मामांनी तर माशीला कानस कधी लावलीच नाही. बांधावरच्या करवंटीकडे बघत ‘ही वीतभर डावीकडे ओढते’ म्हणायचे आणि तेवढं उजवीकडे धरायचे.