कपाटाच्या दाराची नक्षी आणि बिटाचा आराखडा

कपाटाच्या दारावरील नक्षी पूर्वी सुताराच्या हत्यारांनी उतरत असे. आता अनेक कारखान्यांत ती संगणकचलित राउटरचे बिट कोरते. बिट स्वतःच्या अक्षाभोवती फिरत असल्याने त्याच्या आकाराची उजवी अर्धी बाजू तेवढी प्रत्यक्ष मापाने रेखाटावी लागते. ‘अस्पायर’सारखी आज्ञावली त्यावरून संपूर्ण बिटाचा आकार सिद्ध करते. मात्र आराखडा बिटाला आकार देत नाही. बिट जसे असेल तसाच तो हवा. धार लावताना बिटाचा व्यास किंचित घटतो. संगणकात जुनेच माप राहिले, तर पडद्यावर दार निर्दोष दिसते आणि १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफवर नक्षी अरुंद उमटते. शेजारच्या दाराशी ती जुळत नाही. फळी आणि मजुरी दोन्ही वाया जातात. म्हणून प्रथम टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन तो व्हर्नियरने मोजावा.