क्रौंचकुलातील पक्षी आणि 'क्रेन फ्लाय' : नामसाम्य व अधिवास

प्रस्तावना : पावसाळ्यात बाभुळगाव परिसरातील घरांच्या भिंतींवर लांब पायांचा, डासासारखा दिसणारा एक कीटक बसलेला आढळतो. 'मोठा डास' समजून तो मारला जातो. वस्तुतः तो डास नसून 'क्रेन फ्लाय' होय. क्रेन म्हणजे क्रौंच किंवा सारस. त्या पक्ष्यासारख्या लांब पायांमुळे या माशीस हे इंग्रजी नाव मिळाले. दोहोंत जैविक नाते मात्र नाही.

माशीचे स्वरूप : हा द्विपंखी गणातील कीटक आहे. पंखांची मागील जोडी गदेसारख्या लहान अवयवांत रूपांतरित झालेली असून ती उड्डाणात तोल सांभाळते. शत्रूने पाय पकडल्यास तो सहज तुटतो व कीटकाचा जीव वाचतो. ही माशी रक्त शोषत नाही व रोगही पसरवीत नाही. अनेक जातींच्या अळ्या ओलसर मातीत कुजणारा पालापाचोळा खाऊन त्याचे विघटन घडवितात. काही जातींच्या अळ्या मात्र पिकांची मुळे कुरतडतात.

सारसाचे स्वरूप : सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच पक्षी होय. त्याची उंची सुमारे १.८ मीटरपर्यंत असते. मागे वळलेला जो सांधा त्याचा गुडघा वाटतो, तो वास्तविक घोटा असतो. विदर्भात गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत मोजकेच सारस उरले आहेत. भातखाचरे व तलावांत पावसाळ्यात ते घरटे करतात; मादी बहुधा दोन अंडी घालते. पाणथळ जागांचा ऱ्हास, कीटकनाशके व विजेच्या तारा हे त्यांच्यापुढील प्रमुख धोके आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारस संवर्धनाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

समान सूत्र : पायांच्या लांबीपेक्षा ओल्या जमिनीवरील अवलंबित्व हे दोहोंतील महत्त्वाचे साम्य होय. सारस कंद व धान्याबरोबर कीटकही खातो. त्यामुळे चिखलातील सूक्ष्म जीवसृष्टी विषारी झाल्यास तिचा परिणाम पक्ष्यापर्यंत पोहोचतो.

समारोप : बाभुळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्पामुळे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे. त्याच्या काठावरील उथळ, चिखलयुक्त पट्टा 'निरुपयोगी' मानणे योग्य नाही. भिंतीवरील निरुपद्रवी माशी ओळखून तिला जीवदान देणे, ही पाणथळ जमिनीचे मोल जाणण्याची पहिली पायरी ठरू शकते.